डेऱ्यातले लोणी आणि दारातले ताक



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा आम्ही किमान वेतनावर, कंत्राटी कामगारांवर किंवा गेला बाजार गिरणी संपावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला, ‘घरचे लोणी’. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. विषय कळवताना काही चूक तर झाली नाही ना, असे त्यांनी मोठ्या अदबीने विचारले. चूक झालेली नाही. तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर आमची अशी खात्री झाली आहे की, कोणत्याही वस्तूचा इतिहास लिहायचा तर ती कोणी केली, कोणी खाल्ली आणि उरलेले कोणाच्या वाट्याला आले, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. लोण्याला हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कृष्णाने ते चोरले, एवढ्यावर आपली चौकशी संपते. ते घुसळले कोणी, ह्याची दप्तरी नोंद नाही.

आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. दहावीला आमची शाळा सुटली. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत, दोन सुनावण्यांच्या मधल्या वेळात. तेव्हा बोलण्यात पांडित्य आढळणार नाही. आढळलेच तर ते उसने आहे असे समजावे.

प्रथम प्रत्यक्ष काम कसे होते ते सांगतो, कारण समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी पुष्कळांनी लोणी फक्त कागदात गुंडाळलेले पाहिले असेल.

खटाव तालुक्यातल्या आमच्या घरी एक म्हैस होती. संध्याकाळची धार काढून झाली की दूध चुलीवर मंद धगीला ठेवायचे, ते पुरते तापले की उतरवायचे, आणि बोट घालून सोसवेल इतके कोमट झाले म्हणजे त्यात चमचाभर विरजण घालायचे. थंडीच्या दिवसांत आई ते भांडे पोत्यात गुंडाळून चुलीच्या उबेला सारून ठेवी. विरजण कमी पडले तर दही अदमुरे राहते, जास्त झाले तर आंबट होते. ह्याला माप नव्हते; हात होता. पहाटे चार-साडेचारला ती उठे. जमिनीत रोवलेल्या घुसळखांबाशी चुंबळीवर डेरा बसवायचा, त्यात दही ओतायचे, रवीचा लांब दांडा खांबाला बांधलेल्या दोन फासांत उभा अडकवायचा, म्हणजे तो डगमगत नाही. दांड्याला दोरीचे दोन-तीन वेढे, आणि दोरीची दोन टोके दोन हातांत. एक हात ओढायचा, दुसरा सोडायचा. रवी एकदा उजवीकडे फिरते, लगेच डावीकडे.

हे पाऊणएक तास चाले. लोणी येऊ लागले हे डोळ्यांआधी कानांना कळते. सुरुवातीला डेऱ्याचा आवाज जड आणि घुमणारा असतो. मग एकाएकी तो पातळ होतो, पाणी हिंदकळल्यासारखा. त्या क्षणी आई थांबे, झाकण काढून पाही, उन्हाळा असला तर गार पाणी ओती आणि थंडी असली तर कढत पाण्याचा हबका देई. आम्हांला वाटे हा काही मंत्र आहे. पुढे पुस्तकांत वाचले तेव्हा त्याचे कारण समजले. दुधातली चरबी सूक्ष्म गोळ्यांच्या रूपाने पाण्यात तरंगत असते, आणि प्रत्येक गोळीभोवती एक पातळ पापुद्रा असतो. घुसळणीने हे पापुद्रे फुटतात आणि आतली चरबी एकमेकींना चिकटते. पण ती फार कडक असली तर चिकटत नाही, आणि फार मऊ असली तर गोळा न होता पुन्हा ताकातच पसरते. म्हणून पाण्याची ऊब राखावी लागते. आईने पापुद्र्याचे नाव कधी ऐकले नव्हते, पण तिचे लोणी कधी बिघडल्याचे आम्हांस आठवत नाही.

वर तरंगणारे रवाळ लोणी हाताने गोळा करायचे, दोन-तीन पाण्यांतून धुवायचे आणि गार पाण्यात सोडायचे. चार-सहा दिवसांचे साठले की कढवायचे. कढवताना एखादे विड्याचे पान किंवा मिठाचे दोन खडे टाकायचे. तडतड थांबली, वास सुटला, तळाशी बेरी तांबूस झाली की तूप उतरवायचे. बेरीत साखर घालून ती पोरांना वाटली जाई, आणि आमच्या घरातली बहुतेक भांडणे त्या वाटपावरून होत. ताज्या कढवलेल्या तुपाला लोणकढे म्हणतात. त्याच शब्दाने मराठी माणूस ताज्या रचलेल्या थापेलाही लोणकढी का म्हणू लागला, हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. आमचा अनुभव एवढाच की मालकांच्या ताळेबंदात ती पुष्कळ सापडते.

आता हिशेब पाहू. म्हशीच्या दुधात साधारण सहा ते आठ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साडेतीन ते साडेचार. म्हशीचे दहा लिटर दूध विरजून घुसळले तर अदमासे आठशे ग्रॅम लोणी निघते आणि ते कढवल्यावर सव्वासहाशेच्या आसपास ग्रॅम तूप. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ चरबी. मग दुधातली प्रथिने, ज्यांनी पोरांची हाडेमांस वाढतात, ती कोठे गेली? दहा लिटरांत ती सुमारे चारशे ग्रॅम असतात आणि जवळजवळ सगळी ताकात राहतात. हा आकडा कृपा करून ध्यानात ठेवावा. आमचे पुढचे सगळे बोलणे त्याच्यावर उभे आहे.

लोणी हा शब्द लवणावरून आला असे काही जण समजतात. तसे नाही. तो ‘नवनीत’ ह्या शब्दाचा प्राकृतातून झिजत आलेला वंशज आहे. ऐतरेय ब्राह्मणात स्निग्ध पदार्थांची एक वाटणी सांगितली आहे: एक रूप देवांचे, एक मनुष्यांचे, एक पितरांचे, आणि नवनीत हे गर्भांचे. म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी लोणी पोटातल्या बाळाच्या नावावर लिहिले गेले होते. गरोदर बाईला लोणी द्यावे ही आपल्याकडची रीत किती जुनी आहे, हे ह्यावरून दिसावे. ती किती घरांत पाळता आली, हा निराळा प्रश्न.

सातारा जिल्ह्यात लोण्याचा खरा इतिहास पाहायचा तर घाटमाथ्यावर जावे लागते. पाटण आणि जावळी तालुक्यांत, कोयनेच्या खोऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरपठारांवर गवळी धनगरांचे वाडे पिढ्यान् पिढ्या होते, काही अजूनही आहेत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास पश्चिम घाटातल्या ह्या समाजाचा अभ्यास केला आणि १९८२-८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना जे दिसले ते थोडक्यात असे. खाली खोऱ्यात कुणबी भात आणि नाचणी पिकवी. वर पठारावर गवळी धनगर म्हशी राखी. दूध खाली नेणे शक्य नव्हते, कारण वाटेतच ते नासते. म्हणून दूध विरजायचे, घुसळायचे, लोणी घेऊन डोंगर उतरायचे आणि त्याच्या बदली धान्य घ्यायचे. ताक मात्र वरच, घरात प्यायले जाई. ह्या अभ्यासकांनी आणखी एक मार्मिक गोष्ट टिपली: कुणबी शिकार करी, पण गवळी धनगर करीत नसे, त्याच्या अंगाला लागणारी प्रथिने त्याला ताकातून मिळत.

ह्या व्यवस्थेत आम्हांला एक शहाणपण दिसते. डोंगरावरच्या माणसाने विकली ती चरबी, जी टिकते आणि जिला भाव येतो. आणि स्वतःपाशी ठेवले ते प्रथिन, ज्याला भाव नव्हता पण ज्यावर पोरे जगत. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत इतका बरा सौदा आम्ही फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. पुढे कोयनेचे धरण झाले, १९६२ पासून वीज निघू लागली, शिवसागर जलाशयाने खोऱ्यातली गावे उठवली, म्हणजे धान्य देणारा कुणबीच तेथून हलला. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि चराई आक्रसत गेली. मुंबईला वीज मिळाली ह्याचा आम्हांला आनंदच आहे. त्या विजेचे पैसे लोण्याने कसे भरले, हे वीजबिलावर छापलेले नसते.

आता मैदानात उतरू. गावातही नियम तोच होता. लोणी आणि तूप विकायचे, देवाला लावायचे, पाहुण्याला वाढायचे. ताक विकायचे नाही. आईला आम्ही एकदा विचारले होते की, एवढे ताक लोकांना वाटतेस, त्याचे चार पैसे का घेत नाहीस. ती म्हणाली, “ताक इकायचं नसतं रं लेकरा. म्हसरू आटतं.” सकाळी आठ वाजता आमच्या दारात पाच-सहा जणी भांडी घेऊन उभ्या असत. ज्यांच्या गोठ्यात जनावर नाही अशा घरांची भाकरी त्या ताकाबरोबर खाल्ली जाई, आणि संध्याकाळी त्याचीच कढी होई.

ह्या रिवाजाचे गोडवे गाणारी भाषणे आम्ही खूप ऐकली आहेत. त्यांत आम्हांला दोन दुरुस्त्या सुचवायच्या आहेत. पहिली अशी की, ताक टिकत नाही, ते दूरच्या बाजारी नेता येत नाही, आणि ते तयार होणार रोज. वाटले नाही तर ओतून द्यावे लागेल. औदार्याच्या मुळाशी थोडा भाग नाशवंतपणाचाही होता. दुसरी दुरुस्ती जास्त बोचरी आहे. ‘ताकाला जाऊन भांडे लपवू नये’ अशी म्हण आपण सहज वापरतो. भांडे लपवावेसे का वाटे, ह्याचा विचार करा. मागायला जाणाऱ्याला लाज वाटे म्हणून. आणि मागणाऱ्यांतही पंगती होत्या. काहींना घरात बोलावून ताक मिळे, काहींना ओसरीवर, आणि काहींच्या भांड्यात ते हातभर वरून ओतले जाई, कारण भांड्याला भांडे लागलेले चालत नसे. आमच्या दारातही हे होई. आमच्या आईने ते बंद केले असे सांगायला आम्हांला आवडले असते. तिने ते केले नाही. ते आपोआप बंद पडले, आणि कसे ते पुढे येईल.

तूप कोणी खावे ह्याचीही मर्यादा होती. ज्यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी आपल्या साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिलेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ ह्या भाषणग्रंथात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या जातभाईंना जेवण घातले. पक्वान्नांत तूप होते. जेवण चालू असताना गावचे सवर्ण लाठ्या घेऊन आले, त्यांनी अन्न नासवले आणि जेवणाऱ्यांना झोडपले. गुन्हा काय, तर तूप खाण्याची हिंमत केली. पैसा त्यांचा, तूप विकत घेतलेले. मालकी सिद्ध असूनही उपभोगाचा हक्क नाही, असा हा मामला. लोणी मऊ असते म्हणून त्याचा इतिहासही मऊ असावा असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पान जरूर वाचावे.

आता यंत्राकडे येऊ. १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल ह्या अभियंत्याने गरगर फिरवून दुधातून मलई वेगळी काढणारे यंत्र तयार केले. ह्या एका यंत्राने जगभरच्या गवळणीचे काम बदलले. दूध विरजायची गरज उरली नाही; ताजे दूध एका बाजूने ओतले की मलई एका नळीने आणि निःसत्त्व मानले गेलेले पातळ दूध दुसऱ्या नळीने बाहेर पडू लागले. हिंदुस्थानात हे तंत्र प्रथम आले ते गोऱ्या फौजेसाठी. १८८९ मध्ये अलाहाबादेस पहिले लष्करी दुग्धालय निघाले. मुंबईत पेस्तनजी एदलजी दलाल ह्या पारशी गृहस्थांनी कॉफीच्या धंद्यापासून सुरुवात करून पुढे ‘पोल्सन’ ह्या नावाने लोणी विकायला घेतले, आणि १९३० साली गुजरातेत आणंदला मोठा कारखाना काढला. ह्या लोण्याचा मुंबईत असा दबदबा होता की, खुशामत करण्याला ‘पोल्सन लावणे’ असा शब्दच पडला. गिरणगावातून आलेले आमचे वडील हा शब्द मुकादमांच्या संदर्भात नेहमी वापरीत. आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो की पोल्सन हे कोणा साहेबाचे नाव आहे.

पोल्सनच्या गोष्टीतला पुढचा भाग प्रत्येक युनियनवाल्याने पाठ करावा असा आहे. १९४५ मध्ये मुंबई सरकारने मुंबईला दूध पुरवण्याची योजना आखली आणि खेडा जिल्ह्यातले दूध गोळा करण्याचा मक्ता पोल्सनकडे गेला. मुंबईत दुधाला भाव, पोल्सनला नफा, शेतकऱ्याच्या हाती तेवढेच पैसे. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. पटेलांनी सांगितले की स्वतःची सहकारी संस्था काढा, आणि सरकार ऐकत नसेल तर दूध देऊ नका. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, आणि पंधरा दिवस खेड्यातून पोल्सनला दूध गेले नाही. मुंबईची दूध योजना कोलमडली, अधिकारी धावत आले, मागणी मान्य झाली. १४ डिसेंबर १९४६ ला संघाची नोंदणी झाली. आज ‘अमूल’ म्हणून ज्याची पाकिटे घरोघर आहेत, त्याचा जन्म एका संपातून झाला, हे त्या पाकिटावरच्या गोंडस मुलीकडे पाहून कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या संपांतून काय निघाले असे विचारणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण देतो. मात्र एक फरक कबूल केला पाहिजे: शेतकऱ्याच्या हाती म्हैस होती. गिरणी कामगाराच्या हाती माग नव्हता.

ह्याच संघाचे लोणी १९५५ च्या सुमारास बाजारात आले तेव्हा गिऱ्हाइकांनी नाक मुरडले, असे व्हर्गीस कुरियन ह्यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. पोल्सनची मलई बरेच दिवस आंबवलेली असे, त्यात मीठ भरपूर, रंग पिवळा. ताज्या दुधाचे पांढरे, अळणी लोणी लोकांना बेचव लागले. शेवटी ह्या मंडळींनीही मीठ घातले, रंग घातला, तेव्हा ते खपले. लोण्याचा रंग पिवळा असतो असे शहरातल्या मुलांना वाटते, त्याचे मूळ येथे आहे.

तिकडे तुपाचेही एक सोंग निघाले. लिव्हर कंपनीने शिवडीला १९३२ मध्ये वनस्पतीचा कारखाना सुरू केला, आणि १९३७ पासून ‘डालडा’ आला. महात्मा गांधींनी त्याला विरोध केला, पुष्कळ वाद झाले, पण खाणावळीत जेवणाऱ्या कामगाराला परवडणारे ‘तूप’ तेच होते. गावी बायको खरे तूप कढवून विकते आणि मुंबईला नवरा डालड्यात तळलेले खातो, असे साताऱ्याच्या हजारो घरांत चालले होते. ह्यात कोणाला विसंगती वाटत नसे. तूप विकले तरच मीठमिरची येणार होती.

आपल्या ह्या दोन जिल्ह्यांत दुधाचा धंदा कसा वाढला त्याचा मोठा इतिहास होईल. आम्ही दोन टप्पे तेवढे सांगतो. भास्कर गणेश चितळे हे सातारजवळच्या लिंब-गोव्याचे. १९३९ साली ते सांगलीकडे भिलवडीला आले. कृष्णाकाठ, म्हशींना बारमाही हिरवी वैरण, आणि पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन, असा तिहेरी योग तेथे होता. आगगाडी आली म्हणून दूध दूर जाऊ लागले, आणि दूध दूर जाऊ लागले म्हणून ते घुसळायचे थांबले. दुसरा टप्पा सहकाराचा. १९६३ मध्ये शेजारच्या कोल्हापूरला जिल्हा संघ झाला, १९७० मध्ये देशभर दूध महापूर योजना सुरू झाली, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावात एक खोली, एक वजनकाटा आणि एक फॅट मोजण्याचे यंत्र येऊन बसले.

हे फॅट मोजणेही स्वित्झर्लंडच्या गेर्बर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास सुलभ केले. दुधात गंधकाम्ल घालून नळी फिरवली की चरबी वर येते आणि टक्के वाचता येतात. तेव्हापासून दूध कितीही पांढरे असो, दाम प्रामुख्याने त्यातल्या लोण्याचे. “फॅट किती लागली?” हा प्रश्न आमच्या तालुक्यात ‘बरे आहे ना?’ ह्याच्या जोडीने विचारला जातो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमचे वडील त्यांत होते. दोन-तीन महिन्यांत ते ट्रंक घेऊन गावी परतले, आणि पुन्हा कामावर गेले नाहीत. आम्ही तेव्हा पाचवीत होतो. मनीऑर्डर बंद झाली. घरात पैसा येण्याचा मार्ग एकच उरला, गोठ्यातली म्हैस. गावात संकलन केंद्र नुकतेच निघाले होते. दर दहा दिवसांनी रोख पैसे मिळत. वडिलांनी किटली धुऊन घेतली आणि सकाळ-संध्याकाळचे सगळे दूध केंद्रावर जाऊ लागले. पहिल्या दिवशी पहाटे आई सवयीने उठली, डेऱ्यापाशी गेली आणि परत येऊन अंथरुणावर बसून राहिली.

त्या सकाळी आठ वाजता त्या पाच-सहा जणी नेहमीप्रमाणे आल्या. आई दारात जाऊन म्हणाली, “आजपास्नं न्हाई.” त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, तिसऱ्या दिवशी कोणी नाही. वरून ताक ओतणे जे बंद झाले ते असे. त्याबरोबर ती चारशे ग्रॅम प्रथिनेही त्या घरांतून आणि आमच्याही घरातून निघून गेली. म्हशीच्या घरात आम्ही पोरे काळा चहा पिऊ लागलो, कारण राखलेल्या प्रत्येक पेल्याचा हिशेब पावतीवर दिसे.

आम्ही दूध संघांचे वैरी नव्हे. त्या दहा दिवसांच्या पगाराने आमचे घर वाचले, आमची वह्या-पुस्तके आली, बहिणीचे लग्न झाले. पहाटेची घुसळण सुटली म्हणून आईच्या खांद्याचे दुखणेही कमी झाले. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी कधी रवीची दोरी तासभर ओढलेली नसते. पण एक गोष्ट आम्ही तेव्हा पाहिली आणि पुढे पुष्कळ घरांत पुन्हा पाहिली. तुपाचे पैसे आईचे असत. ती बाजाराला जाई, भाव करी, पैसे कनवटीला लावी, आणि त्यांतून काय घ्यायचे हे कोणाला विचारत नसे. दुधाचे कार्ड मात्र वडिलांच्या नावावर निघाले. म्हैस तीच, शेणघाण काढणारे हात तेच, धार काढणारी तीच. पैशाची वाट तेवढी बदलली.

दुधाचे कारखाने मोठे झाले तसे लोणीही त्यांच्याकडे मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. मलई निघाल्यावर उरलेल्या दुधाची भुकटी करतात. आणि गंमत अशी की आज खेड्यातल्या गाईच्या दुधाचा भाव बऱ्याच अंशी ह्या भुकटीवर ठरतो. २०१८ मध्ये भुकटी जगभर पडून राहिली, तेव्हा आपल्याकडे गाईच्या दुधाला लिटरमागे १७-१८ रुपये मिळू लागले. १६ जुलैला राजू शेट्टी ह्यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दूध रोखले आणि १९ जुलैला २५ रुपयांचे आश्वासन घेऊन आंदोलन मागे घेतले. रस्त्यावर दूध ओतले म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना दोष दिला. तो दोष अगदीच अनाठायी होता असे आम्ही म्हणणार नाही. आम्हांलाही ते पाहवले नव्हते. परंतु हे दूध बाजारातून जातानाच जितक्या तोंडांपासून दूर गेलेले असते, त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

दरम्यान आमच्या आईच्या पद्धतीला चांगले दिवस आले आहेत असे ऐकतो. शहरातल्या दुकानांत ‘बिलोना तूप’ नावाच्या बरण्या मांडलेल्या दिसतात. भाव साध्या तुपाच्या तिप्पट-चौपट. बिलोना हा हिंदी शब्द आहे; आपली घुसळण परक्या नावाने परत आली की तिला मान मिळतो. एका बरणीवर आम्ही घुसळणाऱ्या बाईचे चित्र पाहिले. अंगभर दागिने, चेहऱ्यावर हसू. दोरी तिने दोन्ही हातांत एकाच बाजूला धरली होती. तशी ती जन्मात फिरायची नाही.

काही वर्षांपूर्वी एका दूध प्रक्रिया कारखान्यात, त्याचे नाव आम्ही घेत नाही, लोणी विभागात कंत्राटी कामगारांची युनियन आम्ही बांधली. पंचवीस-पंचवीस किलोची खोकी शून्याखाली अठरा-वीस अंशांच्या शीतगृहात नेऊन रचायची, असे त्यांचे काम. गरम कोट सहा जणांत दोन. आत जायचे, हात बधिर झाले की बाहेर यायचे, बाहेर चाळीस अंशांचे ऊन. बहुतेक पोरे खटाव-माण-आटपाडीकडची, दुष्काळी भागातली, आणि घरी म्हैस असलेली. त्यांच्या घरचेच दूध फिरून लोणी होऊन त्यांच्या डोक्यावर येत होते, असे म्हटले तरी चालेल. मागण्या लिहून घ्यायला आम्ही बसलो. कोट, बूट, भत्ता, पाळीतली विश्रांती, हे सगळे आले. शेवटी एक पोरगा म्हणाला, “दादा, उन्हाळ्यात एक ग्लास ताक लिवा की.” बाकीचे हसले. आम्ही लिहिले.

वाटाघाटी चार महिने चालल्या. कोटांना व्यवस्थापनाने तीन बैठकींत मान्यता दिली, भत्त्यावर घासाघीस होऊन निम्मा मिळाला. ताकाच्या कलमावर मात्र गाडी अडली. खर्चाचा प्रश्न नव्हता; लोणी काढल्यावर ताक तेथे रोज निघतच होते. हिशेबनिसांची अडचण अशी होती की, हे कोणत्या खात्यात दाखवावे. माल म्हणून दाखवले तर विक्री दाखवावी लागते, फुकट दाखवले तर तपासनीस विचारणार. आम्ही सुचवले की आमच्या गावी ह्याचे खातेच नसे. ते गृहस्थ आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. अखेर ‘उपाहारगृह — इतर’ ह्या सदराखाली मार्च ते जून, दर पाळीला माणशी दोनशे मिलिलिटर, असे कलम करारात पडले. करार दोनदा नव्याने झाला, तरी ते कलम तसेच राहिले आहे. ताक कागदी पेल्यात मिळते आणि त्यात मीठ थोडे जास्त असते, अशी पोरांची तक्रार आहे.